आजारी तुकडा

लांबूनच तो तुकडा हिरवागार दिसला आणि डॉ. मंगल खरात यांचं डोकं सणकलं.

हिरवं शेत पाहून कुणाला राग येतो, असं सांगितलं तर लोक त्याला वेड्यात काढतील. पण सावळदऱ्याच्या तूर संशोधन केंद्रातला हा दहा गुंठ्यांचा तुकडा हिरवा दिसण्यासाठी नव्हताच. डिसेंबर लागला की तिथे दर दोन ओळींनंतर एक ओळ वाळून काडी झालेली असायला हवी. एकतीस वर्षं ती तशी होत आली होती. दहा दिवसांपूर्वी मंगलताई हैदराबादच्या प्रशिक्षणाला गेल्या, तेव्हाही ती तशीच होती. आता तिथे पोपटी, टवटवीत झाडं उभी होती आणि वाऱ्यावर डुलत होती.

हातातली बॅग बांधावर टाकून त्या प्रवासाच्याच चपलांनी आत शिरल्या. वाळलेली ओळ असायची तिथे जे पहिलं हिरवं झाड दिसलं, त्याचा बुंधा धरून त्यांनी हिसका दिला. सहा महिन्यांची तूर अशी उपटून येत नाही. तिचं मूळ माणसाच्या उंचीइतकं खोल जातं, दोन गड्यांना घाम फुटतो. हे झाड मात्र एका हातात अलगद वर आलं. मुळाशी मातीचा गोळा होता, खाली चपटा, वर गोल. रोपवाटिकेतल्या पिशवीचा आकार जसाच्या तसा. गोळ्याला काळ्या प्लास्टिकची एक चिंधीसुद्धा चिकटलेली होती.

"लिंबाजीभाऊ!"

पंपघराच्या आडोशाला उभा असलेला लिंबाजी गवारे मान खाली घालून पुढे आला. केंद्रावरचा हा सगळ्यात जुना मजूर. मंगलताई नोकरीला लागल्या, तेव्हा आजारी तुकड्याची कुदळ याच्याच हातात होती, आणि अजूनही होती.

"सायबानी सांगितलं, म्याडम. मेलेली समदी काढा, हिरवी लावा. उद्या समिती यायची हाय म्हनले. रोपवाटिकेतून पिशव्या आनल्या. मंग वरून औषध सोडलं. तीन टँकर."

"तीन टँकर बुरशीनाशक? ह्या मातीत?"

"म्या नाई म्हनलं व्हतं. तर म्हनले, रिटायर व्हायला पाच म्हैने ऱ्हायले ना तुमचे, नीट होऊ द्या."

मंगलताईंनी हातातलं झाड गोळ्यासकट काखेत मारलं आणि त्या कार्यालयाकडे निघाल्या.

हा तुकडा आजारी का ठेवायचा, हे नव्या माणसाला समजावताना त्यांची नेहमीच दमछाक व्हायची. तुरीचा मर रोग मातीतून येतो. एक बुरशी मुळातून आत शिरते, खोडातल्या पाणी वर नेणाऱ्या नळ्या चोंदवते, आणि मग ओल्या मातीत उभं असलेलं झाड तहानेनं मरतं. कोणती तूर ह्या रोगापुढे टिकते, हे पाहायचं तर रोगट माती हवी, आणि ती विकत मिळत नाही. ती करावी लागते. म्हणून ह्या दहा गुंठ्यांत मेलेलं झाड कधी जाळलं नाही की फेकलं नाही. त्याची कुट्टी करून त्याच मातीत पुरायची, म्हणजे बुरशी वर्षावर्षाला वाढत जाते. आणि माती खरंच आजारी आहे की नाही, ह्याची खात्री म्हणून दर दोन ओळींनंतर एक ओळ अशा जुन्या वाणाची लावायची, जो रोग दिसला की हमखास आडवा होतो. मजूर तिला 'बळीची ओळ' म्हणायचे. बळीची ओळ मेली, तर शेजारच्या ओळीतलं जिवंत झाड रोगाला पुरून उरलं असं म्हणता येतं. बळीची ओळच जगली, तर त्या वर्षीची परीक्षा बाद.

केंद्राचे प्रमुख डॉ. श्रीरंग मुळावेकर पुष्पगुच्छांची यादी तपासत होते.

"या, या मॅडम! हैदराबाद कसं होतं?"

"माझी मेलेली झाडं कुठं आहेत?"

"बसा तरी."

मंगलताईंनी काखेतलं झाड त्यांच्या टेबलावर ठेवलं. मातीचा गोळा फुटला आणि यादीवर पसरला.

"अहो, काय हे! मॅडम, तुम्हाला कल्पना आहे का, हरित गुणांकात आपण बेचाळीस केंद्रांपैकी एक्केचाळिसावे आहोत. कशामुळे? तुमच्या ह्या दहा गुंठ्यांमुळे. वरून रोज उपग्रह फोटो काढतो, त्याला काय कळतं मेलेलं मुद्दाम मेलंय की दुर्लक्षानं? आठ दिवसांत आपण सव्विसाव्यावर आलो. उद्या समितीबरोबर वार्ताहर आहेत. त्यांना काय मढी दाखवायची?"

"मढीच दाखवायची होती, सर! ती मेली म्हणून तर परीक्षा होती. मला मुद्दाम दहा दिवस बाहेर काढलंत ना? प्रशिक्षण कशाचं होतं ठाऊक आहे? हरित गुणांक कसा वाढवावा!"

"बघा, उपयोगाचंच होतं," मुळावेकर म्हणाले. ते खरोखर विनोद करत होते की काय, हे कळेना. "आणि खरं सांगू? तुमच्या त्या तुरीची आता गरज काय? ढाल-नऊ आलीय. रोगाचा विषयच संपला."

रोगाचा विषय संपल्याचं मंगलताईंनी आजवर आठ वेळा ऐकलं होतं.

झाडाला पळता येत नाही. त्याच्या पेशींत मात्र पहारेकरी असतात, प्रथिनांचे बनलेले. एकेक पहारेकरी रोगाची एकेक खूण ओळखतो. खूण दिसली की तो बोंब ठोकतो, आसपासच्या पेशी स्वतःला मारून घेतात आणि रोगाची वाट बंद होते. हे पहारेकरी घडवणारी जनुकं पिढ्यान्पिढ्या नक्कल होताना चुकतात, दुणावतात, एकमेकांत मिसळतात, आणि असंख्य चुकांतून एखादा पहारेकरी नवी खूण ओळखायला लागतो. बुरशीही स्वस्थ बसत नाही. तिच्या कोट्यवधी पिल्लांत ती खूण नसलेलं एखादं निघतंच, आणि तिथे तो पहारेकरी आंधळा ठरतो. ही मारामारी माणूस शेती करायच्या आधीपासून चालू आहे आणि दोघांपैकी कुणी कायमचं जिंकलेलं नाही.

मग शिकवलं तसं शिकणारं संगणकी यंत्र आलं. त्याला बुरशीची खूण दाखवायची, की तीन आठवड्यांत ते तिच्यासाठी नेमका पहारेकरी आखून देई. तो तुरीत बसवला की झाली 'ढाल'. ढाल-एक सहा वर्षं टिकली आणि लोकांनी पेढे वाटले. पण सगळ्या मराठवाड्यात, विदर्भात, कर्नाटकात शेतोशेत एकच पहारेकरी उभा, म्हटल्यावर बुरशीला एकच खूण टाकायची होती. एका शेतात जमलं की सगळी शेतं मोकळी. ढाल-चार तीन वर्षं टिकली. ढाल-आठ दुसऱ्याच पावसाळ्यात पडली. ह्या वर्षी जालन्यापासून लातूरपर्यंत ढाल-आठ उभीच्या उभी वाळली होती, आणि घराघरांत वरणाचं पातेलं लहान झालं होतं. यंत्राला फिकीर नव्हती. त्यानं ढाल-नऊ आखून तयार ठेवली होती.

मंगलताईंच्या तुरीत असा कुणी पहारेकरी नव्हता. त्यांनी गावोगावच्या जुन्या तुरी आजारी तुकड्यात एकत्र पेरल्या, भुंग्या-माश्यांना त्यांचं परागीकरण मनासारखं करू दिलं, आणि दरवर्षी जे तगलं त्याचंच बी पुन्हा पेरलं. एकवीस वर्षं. त्यातून जी तूर उभी राहिली तिला रोग होत होता. बुरशी आत येई, पण आत तिचं भागत नसे. एका जनुकामुळे नळीत डिंकाची गुठळी व्हायची, दुसऱ्यामुळे कडेनं नवी मुळं फुटायची, तिसऱ्यामुळे सालीखालचा थर जाड व्हायचा. असे तीस-चाळीस छोटे अडथळे, प्रत्येकाचा उपयोग थोडाथोडा. एक ओलांडून बुरशीचं काही साधत नव्हतं. ही तूर ढालीपेक्षा एकरी पोतंभर कमी पिकायची आणि दिसायला गबाळी होती. पण ती मरत नव्हती.

ह्या वर्षी शेवटची परीक्षा होती. समितीसमोर बळीची ओळ ऐंशी टक्क्यांच्या वर मेलेली आणि ही तूर जिवंत, असं मोजलं गेलं असतं, तर जूनमध्ये तिचं बी शेतात गेलं असतं. नाही तर जूनमध्ये सगळीकडे ढाल-नऊ, आणि आजारी तुकडा ढालीच्या प्रात्यक्षिकाला. बी त्यांच्या डब्यात होतं. पण आजारी मातीशिवाय ते नुसतं धान्य होतं, आणि माती तीन टँकर औषध पिऊन बसली होती.

*

समितीचे अध्यक्ष डॉ. निनाद बिडवई मंगलताईंचे विद्यार्थी. ढालीच्या यंत्राला तुरीचं शिक्षण दिलं ते त्यांनीच. पण गाडीतून उतरल्या उतरल्या ते सगळ्यांसमोर बाईंच्या पाया पडले. फोटो निघाले.

"कशा आहात मॅडम?"

"शेतात चल. मग सांगते."

तुकड्याच्या तोंडाशी मांडव होता, टेबलावर शाल-नारळ होते. निनादनी हातातल्या काचेच्या पाटीवर परीक्षेचा तक्ता उघडला, ओळींवर नजर टाकली आणि थबकले. त्यांनीही चार वर्षं ह्याच मातीत उन्हं काढली होती.

"बळीची ओळ कुठेय?"

"ही काय," असं म्हणून मंगलताई ओळीत शिरल्या. एक झाड उपटलं, टेबलावर शालीशेजारी ठेवलं. दुसरं उपटलं. तिसरं. पिशवीच्या आकाराचे तीन गोळे नारळाला लागून मांडले. वार्ताहरांपैकी एकानं फोटो काढला, तसं मुळावेकरांनी त्याच्या पुढ्यात चहाचा ट्रे नेला.

मग मंगलताईंनी खिशातला चाकू काढला आणि आपल्या तुरीचं एक झाड बुंध्याशी कापलं. शेंगा अजून भरायच्या होत्या. लिंबाजीनं तोंड फिरवलं. त्यांनी खोड उभं चिरून निनादच्या हातात दिलं. आत एका बाजूनं तपकिरी काळा पट्टा मुळापासून वर चढला होता. वीतभर. आणि तिथेच थांबला होता. वर लाकूड पांढरंशुभ्र होतं.

"दिसला रोग? आत आहे. आणि झाड शेंगा धरतंय. आता हे बघ." त्यांनी टेबलावरचं हिरवं झाड चिरलं. मुळापासून शेंड्यापर्यंत पांढरं. "हे आठ दिवसांपूर्वी पिशवीत होतं."

निनादनी दोन्ही खोडं शालीवर शेजारी शेजारी ठेवली. मग बाईंना मांडवाच्या मागे घेऊन गेले.

"मॅडम, मला सगळं कळलं. पण तक्त्यात बळीच्या ओळीची मर लिहावी लागते, आणि समोर उभी आहे ती जिवंत. तुम्ही जायच्या आधी किती मेली होती?"

"जवळपास सगळी."

"मग शंभर लिहू? मी सही करतो. कोणी विचारणार नाही."

मंगलताईंचा हात क्षणभर पुढे आला. एकवीस वर्षं होती त्या एका आकड्यात. आणि खोटं तरी काय होतं? झाडं मेलीच होती. पण पहिल्या वर्षी ह्याच निनादनं न मोजताच शहाण्णव टक्के लिहिलं होतं, तेव्हा त्यांनी त्याला भर उन्हात सगळा तुकडा पुन्हा मोजायला लावला होता, आणि आकडा त्र्याण्णव निघाला होता. त्या तीन टक्क्यांसाठी तो आठवडाभर त्यांच्याशी बोलला नव्हता.

"नाही," त्या म्हणाल्या. "ती झाडं तू मोजली नाहीस. शेवटची मोजणी मीही केली नाही. ह्यांनी ती उपटली, आणि आता मी तुझ्याकडून ती कागदावर मारून घेऊ? परीक्षा बाद लिही."

"मॅडम, हट्ट करू नका. बाद म्हणजे तुकडा जाईल."

"हट्ट? चोरी मुळावेकरांनी करायची, सारवासारव तू करायचीस आणि हट्टी मी? लिही बाद!"

त्यांनी लिहिलं. मंगलताईंनी सही केली, ती इतक्या जोरानं की पाटीच्या काचेवर चरा उमटला.

*

गाड्या गेल्यावर लिंबाजी त्यांच्याजवळ येऊन उभा राहिला. त्याला काहीतरी सांगायचं होतं आणि सांगता येत नव्हतं.

"बोला ना. आता आणखी काय व्हायचं राहिलंय?"

"म्याडम, ती मेलेली झाडं. सायब म्हनले, हितून हलवा. कुटं ते काई सांगितलं नाई. तुमचं तर म्हननं, जाळायचं नाई, कुट्टी करून मातीत घालायचं. जित्या मातीत. आता तुकड्यात तर औषध सोडलेलं."

"मग?"

"बाजूचा पट्टा नांगरून तयार व्हता. त्यात घातली. समदी. वरून वखर फिरवला."

बाजूचा पट्टा म्हणजे ढाल-नऊच्या बीजोत्पादनाचा. जूनसाठी बी हवं म्हणून परवाच तिथे अवेळी पेरणी झाली होती. एकतीस वर्षं जोपासलेली, नाना जातींची बुरशी, त्यांच्याच शिकवणीनं, ह्या माणसानं निष्ठेनं नेऊन ढालीच्या पायाशी पुरली होती.

"आनि तुमच्या तुरीतली पन वीस-पंचवीस काढाया लावली. पिवळी पडली व्हती ना ती. वंगाळ दिसत्यात म्हनले. ती बी त्यातच गेली."

"शेंगांसकट?"

"शेंगांसकट. वाळल्या व्हत्या शेंगा."

रोग अंगावर घेऊन जी उभी राहिली होती ती झाडं. सगळ्यांत मोलाची. मंगलताई बांधावर बसल्या.

मरू दे, असं त्यांच्या मनात आलं, आणि ते त्यांनी मनातून लगेच घालवलंही नाही. कुणाला काही सांगायचंच नाही. मार्चपर्यंत गप्प बसायचं आणि मग बघायचं सगळ्यांची तोंडं. केवढा तरी आनंद झाला त्यांना, दोन मिनिटं. मग मातीत काय घातलंय हे लपवणारा मुळावेकर आणि लपवणारी आपण, ह्यात फरक काय, असा प्रश्न आला आणि आनंद गेला. राग तेवढा राहिला.

संध्याकाळच्या आत त्यांनी पत्र लिहिलं. ढाल-नऊच्या पट्ट्यात मरग्रस्त झाडांची कुट्टी मिसळली गेली आहे, ती जाळू नये ही माझीच सूचना होती, जबाबदारी माझी, पट्ट्यातलं बी परीक्षणाशिवाय वितरित करू नये. मुळावेकरांनी ते उभ्या उभ्या वाचलं.

"ढाल-नऊला मर होत नाही, मॅडम. म्हणून तर ती ढाल-नऊ. दप्तरी दाखल करा." पत्राच्या कोपऱ्यात त्यांनी तसं लिहिलं आणि शिपायानं आवक शिक्का मारला. दोनशे चौदा.

निनादला त्यांनी फोन केला.

"मॅडम, यंत्रानं चाळीस लाख प्रकारच्या बुरशींवर तपासलंय तिला," तो म्हणाला.

"यंत्राला दाखवलेल्या चाळीस लाख. माझ्या तुकड्यात कोणत्या आहेत ते त्याला कुणी दाखवलं? तू तरी मोजल्यास का?"

"स्पष्ट बोलू का? तुम्हाला ढाल पडायलाच हवी आहे."

"मला वरण हवंय, निनाद! तुझ्या आईच्या ताटात, माझ्या ताटात, लिंबाजीभाऊंच्या ताटात. दर दोन वर्षांनी नवी ढाल विकणारं यंत्र नकोय मला. तू हुशार पोरगा होतास रे. कधीपासून असा मठ्ठ झालास?"

त्यानं फोन ठेवला. पुढचे तीन महिने त्यानं केला नाही, आणि त्यांनीही नाही. दिवाळीला न चुकता येणारा, हक्कानं शेंगोळे मागून खाणारा मुलगा होता तो. मंगलताई रागानं जळत राहिल्या, आणि त्यातला काही राग त्याची आठवण येते म्हणून होता, हेही त्यांना कळत होतं.

*

फेब्रुवारीच्या शेवटी ढाल-नऊच्या पट्ट्यात एक झाड कलंडलं. दुसऱ्या दिवशी नऊ. मुळावेकरांनी पाणी वाढवलं. तुरीचा मर रोग पाण्यानं बरा होत असता तर संशोधन केंद्रं कशाला काढली असती! मार्चच्या दहा तारखेला पट्टा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तपकिरी होता, आणि केंद्र हरित गुणांकात बेचाळिसावं.

बारा तारखेला निनादची गाडी आली. मुळावेकर फाटकापर्यंत धावले.

"घातपात आहे, सर. सरळ सरळ घातपात. तो लिंबाजी गवारे, त्यानं रोगट कुट्टी आणून टाकली. निलंबनाचा आदेश मी तयार ठेवलाय, पेन्शनही रोखतो, फक्त आपली शिफारस..."

लिंबाजी कुदळ धरून उभा होता. मंगलताई पुढे झाल्या आणि पत्राची प्रत त्यांनी मुळावेकरांच्या छातीशी धरली.

"आवक क्रमांक दोनशे चौदा. शिक्का तुमचा, तारीख तुमची, 'दप्तरी दाखल' हे अक्षरही तुमचंच. ह्या माणसाच्या पेन्शनला हात लावलात तर हे पत्र घेऊन मी त्या सगळ्या वार्ताहरांकडे जाईन, ज्यांना तुम्ही चहा पाजला होतात. लाज वाटू द्या थोडी! मेलेलं झाड लपवायला तुम्ही सांगितलंत. रोग तुम्ही हलवलात. ह्यांनी फक्त कुदळ चालवली."

"मलाही फोन आला होता," निनाद हळूच म्हणाले. "त्याच दिवशी. मीच ऐकलं नाही. तो आदेश फाडा, डॉक्टर."

आदेश फाडल्याशिवाय निनाद जागचे हलले नाहीत. मग ते पट्ट्यात शिरले. वाळलेल्या ओळी सरळ, एकसारख्या, दोरी धरून पेरलेल्या. पंधरा-वीस पावलांवर ते थांबले. दोन ओळींच्या मध्ये, जिथे काही पेरलेलंच नव्हतं, तिथे एक वाकडं झाड उभं होतं. हिरवं. पुढे आणखी दोन, एकमेकांना खेटून. पलीकडे पाच-सात. कुठेही, कशीही उगवलेली.

"हे काय आहे?"

"फूल बघ," मंगलताई म्हणाल्या.

ढालीचं फूल निव्वळ पिवळं असतं. ह्या फुलांच्या पाठीवर तांबड्या रेघा होत्या. निनादनी त्या ओळखल्या. ह्याच रेघांवरून त्यांनी चार वर्षं बाईंची तूर वेगळी काढली होती.

"कुट्टीतल्या शेंगा," ते म्हणाले.

"वंगाळ दिसतात म्हणून उपटलेल्या झाडांच्या."

निनादनी चाकू मागितला. एक झाड कापून, खोड चिरून पाहिलं. काळा पट्टा वीतभर चढून थांबला होता. शेजारचं ढालीचं मेलेलं झाड चिरलं. ते शेंड्यापर्यंत काळं होतं. निनाद तिथेच उकिडवे बसले. उन्हानं की कशानं, त्यांचे डोळे लाल झाले होते. मग ते रेघांच्या फुलांची झाडं मोजायला लागले, बोट लावून, एकेक. त्रेसष्ट उगवलेली. अठ्ठावन्न जिवंत.

"ही काही परीक्षा नाही, मॅडम. हा अपघात आहे."

"अपघात! रोगाशी झगडून आजवर जे काही तगलंय, ते अपघातानंच तगलंय. तू फक्त मोजायचंस. तेवढंच काम होतं तुझं."

निनादनी पाटी काढली. डिसेंबरचा तोच तक्ता नव्यानं उघडला. आजारी माती, होय. परीक्षेचा वाण, सावळदरा तूर. त्यांचं बोट पुढच्या रकान्यावर अडलं. बळीची ओळ, कोणता वाण?

"लिही," मंगलताई म्हणाल्या.

त्यांनी लिहिलं. ढाल-नऊ. आपल्याच हातानं. मग टक्केवारीच्या रकान्याशी येऊन त्यांनी सगळ्या तपकिरी पट्ट्यावरून नजर फिरवली.

"शंभर लिहू?"

"मोज."

दुपार चढत होती. कोट बांधावर ठेवून डॉ. निनाद बिडवई पहिल्या ओळीच्या टोकाला गेले आणि मोठ्यानं मोजायला लागले. प्रत्येक झाडाला हात लावून. मुळावेकर सावलीत निघून गेले. मंगलताई उन्हातच उभ्या राहिल्या, हाताची घडी घालून. चार वाजता निनाद परत आला तेव्हा त्याचा घसा बसला होता. दोन हजार चारशे अकरा लावलेली, दोन हजार चारशे अकरा मेलेली. परीक्षा ग्राह्य, असं लिहून त्यानं सही केली. त्या त्याला 'बस' म्हणाल्या नाहीत. पाण्याची बाटली मात्र पुढे केली.

लिंबाजी कोयता घेऊन पट्ट्याच्या कडेला येऊन उभा होता.

"म्याडम, हे मेलेलं समदं आता कुटं टाकू?"

मंगलताईंनी शेजारच्या दहा गुंठ्यांकडे पाहिलं. औषध पिऊन पडलेली, गवतसुद्धा न उगवलेली माती.

"जाळायचं नाही," त्या म्हणाल्या. "कुट्टी करा आणि आपल्या तुकड्यात घाला. निनाद, दुसरा कोयता पंपघरात आहे."